वेल्सचे किल्ले आणि चर्च: जुनं कुठं संपतं आणि एकोणिसावं शतक कुठं सुरू होतं

प्रश्न थोडक्यात असा: कार्डिफला नातेवाइकांकडे जाणं होणार आहे, चार-पाच दिवस हातात आहेत. तिथला कास्टेल कोख हा किल्ला 'डुप्लिकेट' आहे, मध्ययुगीन नाहीच, असं कुणीतरी सांगितलं. मग वेल्समध्ये खरोखर मध्ययुगीन काय उरलं आहे, एकोणिसाव्या शतकात नव्यानं किती उभं केलं, आणि वास्तुशास्त्र न शिकलेल्या माणसाला हे नुसतं पाहून ओळखता येईल का?

येईल. कास्टेल कोखबद्दल जे सांगितलं ते अर्धंच खरं आहे. कार्डिफच्या उत्तरेला, टॉन्गविनलैस गावाच्या वर झाडीत हा किल्ला आहे. 'कोख' म्हणजे लाल. शेवटचा 'ख' घशातून खरवडून काढायचा. ग्लॅमॉर्गनचा नॉर्मन सरदार गिल्बर्ट द क्लेअर यानं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो दगडात बांधला. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वेल्श उठावांत बहुधा तो पाडला गेला, आणि सोळाव्या शतकात जुन्या वास्तूंच्या नोंदी करत फिरणारा जॉन लेलंड तिथे आला तेव्हा नुसता ढिगारा होता. पुढे कार्डिफच्या कोळशावर आणि बंदरावर गडगंज झालेल्या ब्यूट घराण्यातला तिसरा मार्क्विस आणि त्याचा वास्तुविशारद विल्यम बर्जेस यांनी १८७१ मध्ये तो ढिगारा उपसला. १८७५ मध्ये बांधकाम सुरू झालं. बर्जेस १८८१ मध्ये वारला आणि आतली सजावट त्याच्या माणसांनी विल्यम फ्रेमच्या हाताखाली १८९१ पर्यंत पुरी केली. म्हणजे पाया आणि खालचा बराच भाग तेराव्या शतकातला, वरचा बर्जेसचा.

दोन्हींमधला सांधा पाहायचा तर आत शिरण्याआधी किल्ल्याला बाहेरून फेरी मारा. जुनं काम अनघड आहे: तांबड्या वालुकाश्माचे ओबडधोबड तुकडे आणि मधूनमधून करड्या चुनखडीचे गोटे. थर सरळ जात नाहीत, दरजा रुंद आहेत, आणि दगडाच्या कडा पावसानं गोल झाल्यात. त्याच्या वर एका ठिकाणापासून दगड एकदम शिस्तीत येतो. पेनंट वालुकाश्म, रंग गडद तांबडा, कडा धारदार, थर ओळीत. ही सीमारेषा आडवी सरळ नाही. ढिगारा जिथं जितका उंच उभा होता तितका तो ठेवून त्यावर नवं काम चढवलं, म्हणून ती पायऱ्या-पायऱ्यांनी वरखाली होत जाते. खुद्द ती वाकडी रेषा म्हणजे १८७१ साली उभ्या असलेल्या अवशेषांचं रेखाचित्र आहे. सकाळी किंवा उतरत्या उन्हात भिंतीला समांतर पाहिलं की ती जास्त उठून दिसते. भर दुपारी सगळं सपाट दिसतं.

बुरुजांची बैठक नीट पाहा. दोन बुरूज खाली चौकोनी आणि वर गोल आहेत. चौकोनाचे कोपरे तिरके होत गोलात विरतात. पायाशी सुरुंग लावणाऱ्याला जाड कोपरा आडवा यावा म्हणून हा आकार. वेल्सच्या सीमाभागात तेराव्या शतकातली ही ओळखीची युक्ती आहे, बर्जेसची कल्पना नाही. तिसरा, विहिरीचा बुरूज मात्र तसा नाही.

आता वर पाहा. ती टोकदार, शंकूसारखी छपरं हीच या किल्ल्याची ओळख, आणि तीच सगळ्यात कमी पुराव्याची. इंग्लंड-वेल्समधल्या बुरुजांना अशी उंच छपरं होती का, यावर बर्जेसच्या काळातही वाद होता. पुरावा तुटपुंजा आहे हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं जुन्या हस्तलिखितांतल्या चित्रांचा आधार घेतला आणि पुढे गेला. परिणाम फ्रान्स किंवा स्वित्झर्लंडच्या एखाद्या किल्ल्यासारखा आहे. माझं मत विचाराल तर छपरं चुकीची असतील पण रचना म्हणून अचूक आहेत: तीन बुरूज, तिन्हींची उंची वेगळी, त्यामुळे कुठूनही पाहिलं तरी आकृती नवी. उचलता पूल, वरून सोडायचा जाळीचा दरवाजा आणि तटावर बाहेर झुकलेला लाकडी सज्जा यांचं तसं नाही. त्या गोष्टी मध्ययुगात होत्या, कशा चालायच्या हे माहीत होतं, आणि बर्जेसनं त्या चालत्या बनवल्या.

आतल्या दालनांत मध्ययुग शोधू नका, तिथे ते नाही. दिवाणखान्यात इसापनीतीच्या गोष्टी भिंतीवर आहेत, शेकोटीवर थॉमस निकल्सनं कोरलेल्या ग्रीक पुराणातल्या तीन नियतीदेवता आयुष्याचा धागा कातताहेत, मोजताहेत, कापताहेत. वरच्या घुमटाखालच्या शयनगृहात लेडी ब्यूटचं हात धुण्याचं टेबल आहे. त्यावर दोन चिमुकले बुरूज दिसतील. ते शोभेचे नाहीत, एकात गरम पाण्याची टाकी, दुसऱ्यात थंड पाण्याची. एवढा खर्च करून कुटुंब इथं फारसं राहिलंच नाही. (याच बर्जेसनं १८६०च्या दशकात मुंबईच्या कला विद्यालयासाठी, म्हणजे आजच्या जे.जे.साठी, इमारतीचे आराखडे केले होते. ते कागदावरच राहिले. त्याची मुंबई कशी दिसली असती याचा अंदाज घ्यायला कास्टेल कोख वाईट जागा नाही.)

कार्डिफ शहरातला किल्ला ओळखायला सोपा, कारण तिथं सांधा मुद्दाम दाखवला आहे. १८८८ मध्ये मातीच्या बांधाखाली रोमन तटाचे अवशेष सापडले आणि मार्क्विसनं त्यावर संपूर्ण तट पुन्हा उभारायला घेतला. काम १९२०च्या दशकापर्यंत चाललं. रस्त्यावरून तटाच्या पायथ्याकडे पाहिलंत तर तांबूस दगडाची एक बारीक ओळ दिसेल. तिच्या खालचं रोमन, वरचं नवं. जीर्णोद्धारात हा प्रामाणिकपणा आज नियम समजला जातो. त्या काळी तो अपवाद होता, आणि तोही त्याच मालकाकडून, ज्यानं कास्टेल कोखवर हवी तशी छपरं चढवली. आतल्या टेकाडावरचा बारा बाजूंचा नॉर्मन बालेकिल्ला मध्ययुगीन. पश्चिमेकडचा घड्याळाचा मनोरा बर्जेसचा, १८६८ नंतरचा.

बाहेर पडून ब्यूट पार्कच्या कडेनं चालताना भिंतीवरून डोकावणारे दगडी प्राणी दिसतात. मूळ कल्पना बर्जेसची, पहिले नऊ प्राणी एकोणिसाव्या शतकातले. भिंत १९२०च्या दशकात किल्ल्यासमोरून इथं हलवली आणि नंतर शिल्पकार अलेक्झांडर कॅरिकनं आणखी सहा घडवले. कोणता कुठला हे ओळखायला डोळ्यांत पाहा. जुन्यांचे डोळे काचेचे, नव्यांचे दगडातच कोरलेले.

इथवर जे झालं त्यातलं 'वेल्श' किती, हा खरा अडचणीचा प्रश्न आहे. कार्डिफ, कास्टेल कोख नॉर्मन सरदारांचे. कार्नार्व्हन, कॉन्वी, हार्लेख, ब्यूमारिस हे पहिल्या एडवर्ड राजानं वेल्स जिंकल्यावर, १२८३ पासून पुढे, वेल्श लोकांना दाबात ठेवायला बांधलेले. जागतिक वारशात आहेत, भव्य आहेत, पण ते जेत्याचं स्थापत्य. वेल्श राजपुत्रांचं बांधकाम पाहायचं तर उत्तरेकडे डोंगरात जावं लागतं: डॉलबाडर्न, डॉलविडेलन, कास्टेल अ बेर. यातला कास्टेल अ बेर लिवेलिन अब योरवर्थ या वेल्श राजपुत्रानं १२२१ मध्ये सुरू केला. इंग्रजी 'डी' अक्षरासारखा, एका बाजूनं गोल आणि मागे सपाट असा लांबट बुरूज दिसला की वेल्श राजपुत्रांची शैली समजायची. कास्टेल अ बेर आणि यूलो इथं तो चांगला कळतो. गोल बुरुजाची मारक क्षमता आणि आत चौकोनी दालनाची सोय, दोन्ही त्यात साधतात.

डॉलविडेलनला सांधा बाहेरून नाही, आतून दिसतो. चौकोनी मनोऱ्याच्या भिंतीवर आतल्या बाजूला उलट्या 'व्ही'सारखी एक चर आहे. ती मूळ छपराची रेषा. म्हणजे मनोरा आधी तितकाच ठेंगणा होता आणि भिंती छपराच्या वर नुसत्या आडोशासारख्या चढलेल्या होत्या. वरचा मजला पंधराव्या शतकाच्या अखेरीस चढला. सर्वांत वरच्या, फोटोत छान येणाऱ्या चर्या मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या दुरुस्तीतल्या. त्या चर्यांवरून मूळ किल्ल्याबद्दल काहीही निष्कर्ष काढू नये.

किल्ल्यांपेक्षा जास्त वेळ चर्चना द्या, असा माझा आग्रह राहील. मध्ययुगीन वेल्सची रंगकला तिथं आहे, आणि ती मुख्यतः चुन्याखाली आहे.

मध्ययुगात खेड्यातल्या चर्चच्या भिंती आतून चित्रांनी भरलेल्या असत. रंग साधे: गेरू, पिवडी, काजळी, चुन्याचा पांढरा. बहुतेक काम कोरड्या चुन्यावर केलेलं, ओल्या गिलाव्यात मुरवलेलं नव्हे; म्हणून रंग पृष्ठभागावरच बसतो आणि बोटानं पुसला तर हाताला लागतो. १५४७ नंतर, सहाव्या एडवर्ड या प्रोटेस्टंट राजाच्या काळात, मूर्ती आणि चित्रं काढून टाकण्याचे आदेश निघाले. खरवडत बसण्यापेक्षा चुन्याचा हात मारणं स्वस्त होतं. वर बायबलची वचनं, दहा आज्ञा, राजचिन्ह रंगवलं गेलं; पुन्हा चुना, पुन्हा वचनं. चित्र पुसणाऱ्यांनीच अशा रीतीनं ते जपून ठेवलं.

खरं नुकसान पुढे झालं, एकोणिसाव्या शतकात, आणि तेही मध्ययुगाच्या प्रेमापोटी. 'खरा दगड दिसला पाहिजे' या हट्टानं जीर्णोद्धारवाल्यांनी आतला गिलावा टाकीनं उतरवला. त्याबरोबर चारशे-पाचशे वर्षांची चित्रं मलब्यात गेली. या खरवडण्याविरुद्धच विल्यम मॉरिस वगैरे मंडळींनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. चर्चमध्ये शिरल्यावर आतून उघडा, दरजा भरलेला दगड दिसला तर तो 'पुरातन' वाटेल, पण मध्ययुगात ती भिंत तशी कधीच दिसली नाही. ती एकोणिसाव्या शतकाची आवड आहे.

लानकार्वनचं सेंट कॅडॉक चर्च या खरवडण्यातून वाचलं. कार्डिफपासून अर्ध्या दिवसात होतं. छपराच्या लाकडांच्या कामाच्या निमित्तानं तपासणी करताना तिथं भिंतीवर गेरूची एक बारीक रेघ दिसली. २००८ च्या सुमारास चुना उतरवायला सुरुवात झाली आणि त्या रेघेतून पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली अख्खी भिंत बाहेर आली. घोड्यावरचा सेंट जॉर्ज, खाली ड्रॅगन, बाजूला राजकन्या, वर किल्ल्यातून पाहणारे राजा-राणी. दुसरीकडे ख्रिस्ती धर्मातली सात महापापं. आणि एका नटव्या तरुणाचा हात धरून त्याला घेऊन चाललेलं मरण.

हे काम कसं चालतं ते कळलं की चित्रातले पांढरे ठिपके खटकत नाहीत. आधी बोटाच्या पेरानं भिंत हलकेच वाजवून पाहतात. पोकळ आवाज आला तर गिलावा दगडापासून सुटलाय. तिथं मागे चुन्याचं पातळ मिश्रण सुईनं सोडून तो आधी धरून घ्यावा लागतो, नाहीतर चुन्याबरोबर चित्रच हातात येतं. मग शस्त्रक्रियेच्या छोट्या सुरीनं थर सुटा करायचा. धार चित्रात नाही, थर जिथं एकमेकांपासून सुटतात त्या फटीत चालवायची. दोन थरांमध्ये धूळ किंवा काजळी बसलेली असेल तर चुना पापुद्र्यासारखा सहज सुटतो. थर ओल्यावर ओला चढवलेला असेल तर तो एकजीव होतो आणि रंगाला घट्ट धरतो. अशा जागी थांबतात. म्हणून काही भाग अजूनही धूसर आहेत, आणि काही ठिकाणी वरची नंतरची वचनं मुद्दाम राखली आहेत, कारण तीही इतिहासच. खड्डे चुना-वाळूनं बुजवतात, पण चित्राच्या पातळीपेक्षा किंचित खोल, म्हणजे जुनं आणि भरलेलं यांत घोळ होत नाही.

मूळ रंग उतरलेले पाहिल्यावर एक गैरसमज होतो: मध्ययुग फिकट, मातकट होतं. तो घालवायला सेंट फॅगन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं सेंट टाइलो चर्च आहे. कार्डिफच्या पश्चिमेला, प्रवेश मोफत. हे चर्च मूळचं पॉन्टारदिलैसजवळ लखर नदीकाठच्या दलदलीत होतं, पुराचं पाणी शिरायचं, वापर बंद पडला. छप्पर गेल्यावर पावसानं चुना झडला आणि चित्रं दिसू लागली. १९८०च्या दशकात चर्च दगड न् दगड क्रमांक घालून उतरवलं आणि सेंट फॅगन्सला पुन्हा बांधून २००७ मध्ये उघडलं. मूळ चित्रांचे तुकडे संग्रहालयानं वेगळे जपले. भिंतीवर आहे ते पुराव्यावरून, जुन्याच पद्धतीच्या रंगांनी पुन्हा रंगवलेलं. साल धरलंय साधारण १५३०, म्हणजे पांढऱ्या चुन्याच्या लाटेच्या अगदी आधीचं. आत गेल्यावर पहिला धक्का भडकपणाचा बसतो. लाल, हिरवं, सोनेरी, लाकूडसुद्धा रंगवलेलं. गोंधळलेल्या पर्यटकाला वाटतं, काहीतरी 'जास्तच' केलंय. जास्त नाही केलं. मराठी घरातून आलेल्याला, रंगवलेल्या गाभाऱ्याची सवय असलेल्याला, हा धक्का इंग्रज माणसापेक्षा कमी बसेल.

हे पुन्हा रंगवताना चुन्याचं तंत्रही पुन्हा शिकावं लागतं, आणि बिघडतं ते तिथंच. कळीचा चुना विझवून त्याचा लगदा किमान तीन महिने पाण्याखाली मुरू द्यायचा. सफेदीसाठी तो दुधाइतका पातळ करायचा. लावताना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि नवखा माणूस घाबरून दाट लावतो. दाट लावलेला थर वाळताना भेगाळतो आणि पावडर होऊन गळतो. पातळ असे चार-पाच हात, मध्ये निदान एकेक दिवस, आणि प्रत्येक हाताआधी भिंत ओली. कोरडी भिंत पाणी शोषून घेते, चुन्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड व्हायला वेळ मिळत नाही. पारा ५ अंशांच्या खाली असताना काम करायचं नाही. वेल्समध्ये याचा अर्थ, हिवाळ्यात करायचंच नाही. रंग मिसळायचा तर चुन्याच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आत, नाहीतर तो बांधला जात नाही.

याच्या उलट, विसाव्या शतकात अनेक जुन्या भिंतींच्या दरजा सिमेंटनं भरल्या. ओळखायची खूण अगदी सोपी आहे. दरजा चौकटीसारख्या पुढे आलेल्या आणि मधला दगड आत खचलेला दिसला तर ते सिमेंट. भिंतीतली ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, ती दगडातून बाहेर पडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे साचतात, थंडीत पाणी गोठतं, आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यांनी गळतो. चुन्याची दरज स्वतः झिजते आणि दगड वाचवते. ती शंभर वर्षांनी पुन्हा भरावी लागते, यात दोष काही नाही. आतल्या भिंतीला लोणा लागलेला दिसला तर बाहेरची बाजू जाऊन पाहा, बहुतेक वेळा उत्तर तिथं मिळतं.

लाकडाचं थोडक्यात. वेल्श चर्चमधले कोरीव ओकचे पडदे, म्हणजे सभामंडप आणि वेदी यांच्यामधली जाळीदार भिंत आणि तिच्यावरचा सज्जा, ही या देशाची सर्वांत देखणी चीज. पॅट्रिशो इथला साधारण १५०० चा पडदा रंगाविना आहे. त्याच्या आडव्या पट्टीत ड्रॅगनच्या तोंडातून निघालेली द्राक्षवेल पाहा. लानानो इथं उलटा प्रकार: चर्च १८७७ चं, पडदा मध्ययुगीन, पण कोनाड्यांतल्या मूर्ती एकोणिसाव्या शतकातल्या. जुनं-नवं ओळखायला पडद्याच्या मागे जा. फळीवर कमानीसारखे वक्र ओरखडे दिसले तर ती गोल करवतीनं कापलेली, म्हणजे नवी. हातकरवतीचे ओरखडे सरळ पण असमान, तासणीचे उथळ खळगे. पुढच्या बाजूलाही जुन्या कारागिराची वेल कोपऱ्यात बिचकते, पानं कमी-जास्त होतात. नव्याची मोजून बसलेली असते.

दूर पश्चिमेला जायला जमलं तर सेंट डेव्हिड्स कॅथेड्रल. पुढची भिंत अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन नॅशनं नव्यानं केली, ती टिकली नाही. मग गिल्बर्ट स्कॉटनं पुन्हा बांधली. आत खांब बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात तो डोळ्यांचा भ्रम नव्हे. दगड जांभळट, जवळच्याच केअरबुडीच्या किनाऱ्यावरचा. हा तोच स्कॉट, ज्यानं मुंबईला एकदाही न येता विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे पाठवले. दोन्हीकडे पाहिलेल्याला त्याची खिडकी ओळखू येते.

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी सेंट फॅगन्स, म्हणजे डोळ्यांना मूळ रंगाचं माप कळेल. दुसऱ्या दिवशी लानकार्वन. मग कार्डिफचा किल्ला, आणि ऊन असेल त्या दिवशी कास्टेल कोख. तिथं जाण्याआधी तो उघडा आहे का आणि कुठला भाग दुरुस्तीसाठी झाकलाय हे 'काडू' या सरकारी विभागाकडून पाहून घ्या. ('काडू' म्हणजे वेल्शमध्ये 'राखणे'.) सोबत छोटी दुर्बीण आणि टॉर्च असू द्या. टॉर्च चित्रावर समोरून मारू नका. भिंतीला चिकटवल्यासारखी, बाजूनं तिरपी धरा. समोरच्या प्रकाशात फक्त रंग दिसतो. तिरप्या प्रकाशात चुन्याच्या थरांच्या कडा, बुजवलेले खड्डे आणि कुंचल्याची दिशा वर येते. आणि भिंतीला बोट लावायचं नाही. पाचशे वर्षं चुन्याखाली टिकलेली पावडर आता उघडी आहे.